शाळेचा निरोप घरी कसा पोचवायचा: वस्तीवरच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं, समुपदेशनात शाळा मिळाली आणि जूनच्या मध्यात तुम्ही बालाघाटाच्या डोंगरातल्या एखाद्या वस्तीवर हजर झालात. दोन खोल्या, एक मुख्याध्यापक, पहिली ते पाचवी मिळून चाळीसेक लेकरं. डी.एड.ला पाठ घ्यायला शिकवतात, टाचण काढायला शिकवतात, फळ्यावरचं अक्षरसुद्धा तपासतात. पालकांपर्यंत शाळेची बातमी कशी न्यायची हे मात्र कुठल्याच तासिकेत येत नाही. ते चुकत चुकत शिकावं लागतं. मी शिकले ते इथे क्रमाने मांडते.

मी बीड जिल्ह्यात शिकवते. आमच्या वस्तीवरची निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलूप लावून ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. तुमची शाळा तालुक्याच्या गावात असेल तर यातलं काही तुम्हाला लागू पडणार नाही. पण नंदुरबारला असाल, गुजरातेत कामाला जाणाऱ्यांच्या गावात असाल, किंवा वीटभट्टीशेजारच्या शाळेत असाल, तर बरंचसं पडेल.

पहिल्या वर्षीची गोष्ट. मुलांच्या आधार कार्डासाठी शिबिर लागणार होतं. मी छान टाइप करून, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून चाळीस प्रती काढून वह्यांत चिकटवल्या. मजकूर असा: "सर्व पालकांना कळविण्यात येते की, आपल्या पाल्याचे आधार अद्ययावतीकरण करण्याकामी आवश्यक त्या कागदपत्रांसह उपस्थित राहावे." शिबिराच्या दिवशी तीन जण आले. संध्याकाळी एका आजीला विचारलं, कागद मिळाला नव्हता का? आजी म्हणाली, "मिळाला की मॅडम. पोरीनं वाचून दाखिवला. पर पाल्याचं काय करायचं ते कळंना. म्या म्हनलं, शाळंत पालापाचोळा गोळा करत्यात जनू, खताला."

तेव्हापासून मी "पाल्य" हा शब्द वापरलेला नाही.

आधी एक वही करा

पहिल्या पंधरा दिवसांत निरोप द्यायच्या भानगडीत पडू नका. आधी घरं फिरा. वेळ संध्याकाळची निवडा, माणसं रानातून परतल्यावर आणि चुली पेटायच्या आधी. सोबत एक शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक मुलाला एक पान द्या.

पटावर जो मोबाइल नंबर असतो तो बहुतेक वेळा बापाचा असतो. तो बाप ट्रॅक्टरवर चालक म्हणून बाहेर असतो, किंवा तो नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेला असतो. म्हणून "मोबाइल नंबर काय?" एवढंच विचारून थांबू नका. "दिवसभर फोन कुणाजवळ असतो?" असं विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. फोन मोठ्या भावाकडे असतो आणि तो अकरावीला तालुक्याला जातो. फोन चुलत्याच्या घरी चार्जिंगला असतो. फोन आहे, पण रिचार्ज संपलाय, त्यामुळे मिस्ड कॉल द्यायचा आणि परत फोन कुणी करायचा नाही अशी घरात पद्धत आहे. आजीकडे बटणांचा फोन आहे. तिला हिरवं बटण दाबता येतं. मेसेज आला तर ती नातवाकडे देते, आणि नातू म्हणजे आपलाच विद्यार्थी. वर्गात खोड्या केल्या असतील तर तो मेसेज तिथेच मरतो.

माझ्या वहीत प्रत्येक पानावर तीन नंबर असतात. पहिला आई-बापाचा, दुसरा घरी राहणाऱ्या माणसाचा, तिसरा शेजारच्या एखाद्या भरवशाच्या घराचा. तिसऱ्याला आम्ही गमतीने "निरोप्या" म्हणतो. त्याच पानावर आणखी तीन गोष्टी टिपून ठेवते: घरात कुणाला वाचता येतं, आई एकटी असताना फोन उचलते का, आणि दिवाळीनंतर हे घर कुठे असतं. हा शेवटचा प्रश्न जूनमध्ये विचारला तर लोक अवघडतात. सप्टेंबरात विचारा.

कोणती बातमी पाठवायची आणि कोणती नाही

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर दिवसभर लिंका, पीडीएफ आणि "तात्काळ" असं लाल अक्षरात लिहिलेले तक्ते येत राहतात. नवा शिक्षक घाबरून त्यातलं अर्धं पालकांच्या ग्रुपवर ढकलतो. पंधरा दिवसांत पालक तो ग्रुप आवाज बंद करून टाकतात, आणि मग खरंच महत्त्वाचं काही आलं तरी कुणी बघत नाही. शासन निर्णय तुमच्यासाठी असतो. पालकांसाठी त्यातली एकच ओळ असते, ती शोधून काढणं हे तुमचं काम.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे वाचून घरच्या माणसाला काही करायचं आहे का? करायचं असेल तर तो निरोप एकटा जातो, त्याच्यासोबत दुसरं काहीही नाही. नुसतं माहीत असलेलं बरं, अशा गोष्टी मी साठवते आणि शनिवारी एकदम सांगते. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी निवांत बसून निरोप करता येतो आणि पालकांनाही शनिवारची सवय लागते. आमच्याकडे आता "शनिवारचा निरोप आला का?" असं विचारणारे लोक आहेत.

राहिली तिसरी जात, आनंदाची बातमी. दुसरीतल्या मुलाने पहिल्यांदा सलग परिच्छेद वाचला. पाचवीच्या मुलींनी कबड्डीत केंद्रस्तरावर बाजी मारली. पोषण आहारात आज मटकीची उसळ होती आणि सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतली. हे पाठवायला कुणी सांगत नाही, म्हणून ते मागे पडतं. शाळेचा फोन आला की पोरानं काहीतरी केलंय, असं गावाचं गणित असतं. ते मोडायचं तर अधूनमधून विनाकारण चांगली बातमी द्यायला लागते.

मजकूर कसा लिहायचा

माझा जुना आधारचा निरोप वर दिलाच आहे. तोच निरोप आता असा जातो:

"नमस्कार. बुधवारी, म्हणजे आपल्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, शाळेत आधार कार्डवाले येणार आहेत. ज्या लेकरांना पाच वर्षं पूर्ण झालीत त्यांच्या बोटांचे ठसे द्यायचे आहेत. लेकरू, त्याचं जुनं आधार कार्ड आणि आईचं किंवा वडिलांचं आधार कार्ड घेऊन सकाळी दहा वाजता या. पैसे लागणार नाहीत. यायला जमणार नसेल तर मला आजच फोन करा."

यात काय बदललं ते बघा. तारखेऐवजी वार आहे, आणि वाराला बाजाराची खूण आहे. वस्तीवर आठवडी बाजार सगळ्यांना पाठ असतो, बारा तारीख कधी हे विचारावं लागतं. सण जवळ असेल तर सणाची खूण द्या: पोळ्याच्या आदल्या दिवशी, घट बसायच्या आत. काय आणायचं ते नावानिशी आहे. "आवश्यक कागदपत्रे" म्हटलं की माणूस रेशनकार्डापासून सात-बारापर्यंत सगळं पिशवीत घालून आणतो, नाहीतर काहीच आणत नाही. पैसे लागतील की नाही हे स्पष्ट आहे. हे वाक्य विसरू नका. गरिबाच्या घरात सरकारी कागद आला की पहिला विचार खर्चाचा येतो, आणि लाजेपोटी तो विचारला जात नाही. माणूस नुसताच येत नाही.

आणि कारण सांगा, एका वाक्यात. पाच वर्षं झाल्यावर आणि पुन्हा पंधरा वर्षं झाल्यावर ठसे द्यावे लागतात, कारण बाळपणी काढलेल्या आधारात ठसे नसतातच. एवढं कळलं की आजीसुद्धा नातवाला खाकेत मारून आणते. "अपार" क्रमांकाच्या संमतीपत्राचंही तसंच. नुसता फॉर्म पाठवला तर सही येत नाही. पोराच्या शाळेच्या नोंदी एका क्रमांकावर राहतील, त्यासाठी शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळायला हवं, असं समजावून सांगितलं की येते. नावातला फरक मात्र तुम्हीच आधी तपासून ठेवा. आमच्याकडे एका मुलीचं नाव पटावर "ऋतुजा", आधारवर "रुतूजा" आणि आईच्या तोंडी "रुती" होतं. ते एकसारखं करायला चार महिने लागले.

आवाजात सांगा

ज्या घरी वाचणारं कुणी नाही तिथे लिखित निरोप हा निरोपच नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. चाळीस सेकंदांच्या आत संपवा. त्यापुढे गेलं की बायका भाकरी उलटायला उठतात, हे मला एका आईनेच सांगितलं. सुरुवातीला स्वतःचं नाव सांगा, मग काम, मग दिवस, आणि शेवटी दिवस पुन्हा एकदा. मागे वर्गाचा गोंगाट असेल तर असू द्या. एकदा मी शाळा सुटल्यावर शांत खोलीत रेकॉर्ड केलं, तर दोघी-तिघींना ती बँकेची जाहिरात वाटली.

प्रमाण मराठीचा हट्ट आवाजात सोडून द्या. बंजारा तांड्यावर असाल आणि त्यांची गोरमाटी बोली येत नसेल, तर चौथीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीकडून शेवटचं वाक्य बंजारात बोलून घ्या. ते सगळे ऐकतात. तिची आई तर दोनदा ऐकते.

ग्रुपचे नियम पहिल्याच दिवशी घाला

पालकांचा ग्रुप करताना संदेश फक्त अ‍ॅडमिनलाच पाठवता येतील अशी सोय लावा. नाहीतर आठवडाभरात सुप्रभातची फुलं, मग निवडणुकीचे बॅनर आणि मग कुणाचं तरी भांडण येतं. उत्तर द्यायचं असेल तर माझ्या नंबरवर, असं पहिल्याच निरोपात सांगा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा: तुमचा नंबर ज्यांनी फोनमध्ये जतन केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. घरोघरी फिरताना त्यांच्या फोनमध्ये "शाळा मॅडम" किंवा "शाळा सर" म्हणून नंबर घालून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

ग्रुपवर काय कधीच टाकायचं नाही, हेही ठरवून घ्या. मुलांचे आधार क्रमांक, बँक खात्याचे नंबर, शिष्यवृत्तीच्या यादीतला जातीचा रकाना, गुणांची तुलना. यादी वरून आली तशी पुढे ढकलायची सवय अंगात मुरलेली असते, आणि त्या यादीत सगळंच असतं. फोटोंच्या बाबतीत जूनमध्येच प्रत्येक घराची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती धरलेली आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, वस्तीवर काही आया अशा असतात ज्या सासर सोडून माहेरी आलेल्या असतात आणि आपलं लेकरू कुठल्या शाळेत आहे हे त्यांना सगळ्यांना कळू द्यायचं नसतं. कारण विचारू नका, फोटो काढताना त्या लेकराला बाजूला हसतखेळत कामाला लावा.

फोनबाहेरचे रस्ते विसरू नका. दाराशेजारचा फळा रोज बदला, कारण जुनी सूचना राहिली की नवी कुणी वाचत नाही. परिपाठात मुलांकडून निरोप म्हणून घ्या, म्हणजे तो घरी तोंडी जातो. पिठाची गिरणी ही वस्तीवरची खरी बातमीची जागा. गिरणीवाल्याशी ओळख ठेवा. मंदिराच्या भोंग्यावरून सांगायचं असेल तर ते पुजाऱ्याला सांगू द्या, स्वतः माइक धरू नका. गावात कोणाचं मंदिर, कोणाचा माइक, यात पाय अडकतात.

गोळी, सुई आणि अफवा

आरोग्याचा निरोप हा सगळ्यांत नाजूक. राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट धरलेल्या असतात. आपल्याकडे त्या पुढे-मागे होतात, तेव्हा तालुक्याची तारीख पक्की करूनच सांगा. त्या दिवशी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. ज्याच्या पोटात जंत जास्त, त्याला थोडं मळमळतं, क्वचित उलटी होते. हे आधी सांगितलं नाही तर काय होतं ते मी पाहिलंय. एका मुलाला उलटी झाली, ते पाहून दुसरीने पोट धरलं, आणि अर्ध्या तासात "शाळेत विषबाधा" असं शेजारच्या दोन वस्त्यांवर पोचलं. मोटारसायकली भरून माणसं आली. मुलं तोवर अंगणात लंगडी खेळत होती, तरी एका बापाचा हात माझ्या टेबलावर आपटला तो आपटलाच.

आता निरोप दोन दिवस आधी जातो. कशाची गोळी, कोण देणार, पोटाला काय होऊ शकतं आणि ते का होतं, लेकरू आजारी असेल तर त्या दिवशी गोळी देणार नाही, आणि राहिलेल्यांना पुढे पुन्हा देतात. शिवाय सकाळी जेवून पाठवा. आशाताईंना वर्गात बोलावून बसवते, कारण माझ्यापेक्षा त्यांच्या शब्दाला बायका जास्त मानतात. दहा वर्षं झालेल्यांना धनुर्वात-घटसर्पाची सुई असते, तेव्हाही हेच. आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं की ज्या मुलाच्या कागदावर पुढे दाखवायला सांगितलंय त्याच्या घरी मी स्वतः जाते. तो कागद दप्तरातून पाठवायचा नसतो.

सभा

पालकसभा सकाळी अकराला ठेवली तर फक्त सरपंच येतो, आणि कधीकधी तोही येत नाही. संध्याकाळी सातला ठेवा. जमिनीवर सतरंजी घाला, खुर्च्या मांडू नका, कारण खुर्च्या मांडल्या की बायका दारातच उभ्या राहतात. सुरुवात सूचनांनी करू नका. मुलांना काहीतरी म्हणू द्या, वाचू द्या. आई आली ती आपलं लेकरू ऐकायला आलेली असते, शासनाची योजना ऐकायला नाही.

शाळा व्यवस्थापन समिती कागदावरच ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या बायका. हा नियम कागदोपत्री सगळीकडे पाळलेला असतो. रजिस्टरवर सही घ्यायला पोरगं घरी धाडायचं, ही पद्धत तुम्हाला पहिल्याच महिन्यात कुणीतरी शिकवेल. ती शिकू नका. समितीतल्या दोन बायका खऱ्या अर्थाने बोलायला लागल्या की तुमचं निम्मं काम त्या करतात. आमच्या समितीतल्या एका बाईंनी सुचवलं म्हणून आम्ही संक्रांतीचं हळदीकुंकू शाळेत ठेवलं. वाण म्हणून पेन्सिली वाटल्या. त्या एका दुपारी मला जेवढ्या घरांची खरी हकीकत कळली तेवढी चार सभांत कळली नव्हती.

पहिलीत येणाऱ्यांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो तेव्हा आयांचे छोटे गट बनवायचे असतात आणि प्रत्येक गटाला एक लीडर माता असते. हे गट फक्त त्या मेळाव्यापुरते न ठेवता वर्षभर निरोपासाठी वापरा. चाळीस घरांना सांगण्यापेक्षा सहा जणींना सांगणं सोपं, आणि त्या सहा जणी दुसऱ्या दिवशी "कुणाला कळलं नाही" तेही सांगतात.

दसऱ्यानंतर

इथून पुढचं ज्यांच्या गावात ऊसतोड नाही त्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

टोळी जमवणाऱ्या मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी मोजणी. ट्रॅक्टर कोणत्या दिवशी भरणार हे कुणालाच नक्की माहीत नसतं. आज रात्री म्हणतात आणि तीन दिवसांनी निघतात, किंवा पुढच्या आठवड्यात म्हणतात आणि पहाटे गाव रिकामं. म्हणून सप्टेंबर संपायच्या आत तीन कामं उरका.

पहिलं, कोणतं मूल जाणार आणि कोणतं आजी-आजोबांकडे राहणार याची यादी. राहणाऱ्या मुलांसाठी समितीमार्फत हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे, म्हणजे त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. पालकांना हे आधी कळलं तरच ते लेकरू मागे ठेवायचा विचार करतात. ट्रॅक्टर भरल्यावर सांगून उपयोग नाही. हा वर्षातला सगळ्यांत महत्त्वाचा निरोप आहे, आणि तो ग्रुपवर नाही, ओसरीवर बसून द्यायचा असतो. तिथे आईला काय विचारायचं हे ठरवून जा. पोरगी मागे ठेवायला ती का घाबरते हे तिला बोलू द्या. "म्हातारीला रात्री दिसत नाही, पोर एकटी कशी ठेवू?" याला तुमच्याजवळ योजनेचं उत्तर नसतं. शेजारचं घर, मावशी, समितीतल्या बाई, असं काहीतरी त्याच ओसरीवर बसून जुळवावं लागतं.

दुसरं, जे मूल जाणारच आहे त्याला शिक्षण हमी पत्रक द्या. त्यावर नाव, इयत्ता आणि मूल कुठवर शिकलंय ते असतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, कुठेही कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवायचं. आई-बापाला नीट समजावून सांगा की दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा लेकराला परत पाठवू शकत नाही, तसा कायदा आहे. आणि हे नुसतं सांगू नका, त्यांच्याकडून म्हणून घ्या. तिथल्या परक्या गावात, पाचटाने माखलेल्या कपड्यांत शाळेच्या दारात उभं राहून हे वाक्य बोलायला बळ लागतं. पत्रकाच्या मागे मी माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहिते. मागच्या हंगामात तिकडच्या एका गुरुजींचा फोन आला, "तुमची मुलगी आलीये, वजाबाकी हातच्याची येते का तिला?" येत होती.

तिसरं, सह्या. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश अर्जावर पालकाची आणि मुलाची दोघांची सही लागते, शिष्यवृत्तीचं काही ना काही निघतं, आणि बँकेत आईसोबतचं संयुक्त खातं नसेल तर तेही काढायचं राहतं. आई-बाप असतानाच हे सगळं करून घ्या. नंतर आजीचा अंगठा चालतो का हे विचारत हिंडावं लागतं.

कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामाच्या झोपडीवर, गेलेल्या घरांना निरोप रात्री आठनंतर पाठवा. पहाटे अंधारात ते उसाच्या फडात असतात, गाडी भरायची वेळ ठरलेली नसते, आणि फोन चार्ज होतो तो कुठल्यातरी दुकानात पाच-दहा रुपये देऊन. म्हणून व्हिडिओ पाठवू नका, डेटा संपतो. आवाज पाठवा. मागे राहिलेल्या लेकराच्या आईला दर शनिवारी मी लेकराचाच आवाज पाठवते. दोन ओळी वाचून दाखव म्हणते. पहिल्यांदा एक मुलगा वाचताना अडखळला तेव्हा मी ते पुसून पुन्हा घेतलं. नंतर त्याच्या आईने सांगितलं, "मॅडम, अडखळलेलं बी धाडत जा. त्यो कसा बोलतोय ते ऐकायचं असतंय." तेव्हापासून जसं येईल तसं पाठवते.

वाईट बातमी

पडलं, लागलं, भांडण झालं, चोरीचा आळ आला. ग्रुपवर एक अक्षर नाही. फोन करा, आणि आधी "लेकरू बरं आहे, माझ्याजवळ बसलंय" हे वाक्य म्हणा. त्यानंतर काय झालं ते सांगा. उलट्या क्रमाने सांगितलं की समोरचा माणूस पहिल्या शब्दानंतर काही ऐकत नाही. आई-बाप ऊस तोडायला चारशे किलोमीटरवर असतील तर आधी निरोप्याच्या घरी जा, तिथून त्यांना फोन लावा, म्हणजे त्यांना ओळखीचा आवाज सोबत मिळतो. किरकोळ खरचटलं असेल तरी त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी मुलाकडून कळलं तर तुमच्या पुढच्या दहा निरोपांवर विश्वास बसत नाही.

आणि चूक शाळेची असेल तर तसं म्हणा. आमच्याकडे एकदा खिचडीत खडा निघाला आणि एका मुलीचा दात दुखावला. मी आणि स्वयंपाकीण मावशी दोघी तिच्या घरी गेलो. मावशी रडायला लागल्या, आईनेच त्यांना चहा दिला. मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत होती.

मार्च संपत आला की पहिल्या टोळ्या परतू लागतात. वही पुन्हा काढा आणि संध्याकाळी फिरायला निघा. सिमकार्डं बदललेली असतात, एखाद्या घरात नवं बाळ असतं, एखादा माणूस परत आलेला नसतो. शिक्षण हमी पत्रक ज्यांच्याकडे जपून राहिलंय ते मागून घ्या. त्यावर तिकडच्या शाळेचा शिक्का आहे का बघा, आणि नसला तर रागावू नका, लेकराला किती दिवस शाळेत जायला मिळालं एवढंच विचारा आणि पानावर लिहून ठेवा.